एफआर-एस, बीआरझेडचा व्हॉल्व्ह स्प्रिंग रिकॉल : गाडी डीलरकडे देताना आणि परत घेताना

अमेरिकेत सेकंड हँड घेतलेली २०१३ ची सायन एफआर-एस किंवा सुबारू बीआरझेड, आणि तिच्यावर इंजिनाचा रिकॉल (दोष फुकट दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणे) आहे असे कळले, की बहुतेक जण जवळच्या डीलरला फोन लावतात, मिळेल ती तारीख घेतात आणि काउंटरवर किल्ली देऊन मोकळे होतात. एअरबॅगच्या रिकॉलला हे चालून जाते. इथे इंजिन गाडीतून उतरवून खोलावे लागते. काम फुकट होते हे खरे, पण खोललेले इंजिन नीट जोडले गेले नाही तर स्प्रिंग तुटण्यापेक्षा मोठे नुकसान पदरात पडते, आणि ते डीलरच्या कामामुळेच झाले हे दाखवायला हाती कागद नसतो.

दोष काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला (हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप) एक अशा १६ स्प्रिंग आहेत. त्यांच्यावरचा ताण आराखड्यात धरला होता त्यापेक्षा जास्त निघाला, आणि स्प्रिंगच्या पोलादात बारीक अशुद्ध कण असतील तर ती तुटू शकते. तुटली की इंजिन मिसफायर करते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही), खडखडते, चालत्या गाडीत बंद पडते आणि पुन्हा सुरू होईलच असे नाही. रिकॉल नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, त्याचा क्रमांक १८व्ही-७७२ आहे. त्याच रिकॉलमध्ये त्या काळातल्या काही इम्प्रेझा आणि क्रॉसट्रेकही आहेत, पण इथे बोलायचे ते दोन दारांच्या जोडगोळीबद्दल.

## १. दोन वेगळे प्रश्न : लागू आहे का, आणि झाला आहे का

पहिला घोळ इथेच होतो. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला, 'एकही रिकॉल बाकी नाही' असे उत्तर आले, की माणूस निश्चिंत होतो. पण ते पान फक्त बाकी असलेले रिकॉल दाखवते. तुमच्या गाडीला रिकॉल लागूच नव्हता, की आधीच्या मालकाने काम करून घेतले आहे, हे त्यातून कळत नाही. या गाडीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. काम झालेले असेल तर ते कोणी, कधी आणि किती मैलांवर केले हे तुम्हाला हवेच.

त्यामुळे डीलरच्या सर्व्हिस विभागाला व्हीआयएन देऊन थेट विचारा : व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल या गाडीला लागू होता का, पूर्ण झाला असेल तर तारीख कोणती, मैल किती होते आणि काम कुठे झाले? काम झालेले निघाले तर सरळ सातव्या टप्प्यावर जा. ते तुमच्यासाठीच आहे.

व्हीआयएन समोरच्या काचेखाली चालकाच्या बाजूला असतो आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरही. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, म्हणजे जे गोल दिसते ते शून्य. शक्यतो तो ईमेलनेच पाठवा. या गाड्यांच्या व्हीआयएनमध्ये चौथेच अक्षर झेड आहे, आणि आपण 'झेड' म्हटले की पलीकडचा अमेरिकन क्षणभर थांबतो. त्याला 'झी'ची सवय असते.

सावधान : घरी पत्र आले नाही म्हणून रिकॉल नाही असे समजू नका. पत्र नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. विद्यार्थी असताना अ‍ॅरिझोनात घेतलेली गाडी नोकरीसाठी न्यू जर्सीला नेली असेल, किंवा गाडी तुमच्या आधी दोन हातांतून गेली असेल, तर ते पत्र भलत्याच कोणाच्या कचऱ्यात गेलेले असते. आणि जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला रिकॉल बाकी असलेली गाडी विकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. 'डीलरकडून घेतली आहे, त्यांनी बघितलेच असेल' या वाक्याला काही अर्थ नाही.

## २. कोणाकडे जायचे

दोन्ही गाड्या सुबारूनेच बनवल्या, इंजिनही एकच. तरी एफआर-एसचे काम टोयोटाचा डीलर करतो आणि बीआरझेडचे सुबारूचा. सायन हे नाव २०१६ मध्ये बंद झाले, त्याची जबाबदारी टोयोटाकडे आहे. 'इंजिन सुबारूचे, म्हणून सुबारूकडे नेतो' असे म्हणणाऱ्या एफआर-एसवाल्याला तिथून परत पाठवतात.

बीआरझेडवाल्याचे या बाबतीत बरे आहे. सुबारूच्या मेकॅनिकचे आयुष्य आडव्या इंजिनांतच जाते. टोयोटाच्या साध्या डीलरकडे दिवसभर कॅमरी आणि आरएव्ही-४ येतात. आडवे, म्हणजे बॉक्सर, इंजिन उतरवून खोलण्याचा सराव तिथे एखाद्यालाच असतो, कधी कोणालाच नसतो. म्हणून एफआर-एसच्या मालकाने घराजवळचा डीलर शोधण्यापेक्षा सराव असलेला हात शोधावा. रिकॉल देशभर कुठल्याही अधिकृत डीलरकडे करून घेता येतो. गाडी जिथून घेतली तिथेच जायचे बंधन नाही, आणि शंभर मैल लांब जावे लागले तरी जावे असे माझे मत आहे.

फोनवर सर्व्हिस ॲडव्हायझरला हे विचारा :

- हा रिकॉल तुमच्याकडे किती गाड्यांचा झाला? त्या करणारा टेक्निशियन अजून आहे का?
- माझ्या गाडीचे काम तोच करणार का?
- स्प्रिंग आणि गॅस्केटचे साहित्य हातात आहे की मागवावे लागेल?
- गाडी किती दिवस ठेवावी लागेल?

चौथ्या प्रश्नाला 'सकाळी आणा, संध्याकाळी न्या' असे उत्तर आले तर समोरच्याने कामाची यादी वाचलेलीच नाही. फोन ठेवा, दुसरा डीलर बघा.

इतके आढेवेढे कशाला, ते सांगतो. साध्या उभ्या इंजिनात वरचे झाकण काढले की स्प्रिंग हाताला लागतात. बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे झोपलेले असतात आणि दोन्ही हेड (सिलिंडरची टोके झाकणारे, व्हॉल्व्ह असलेले भाग) डाव्या-उजव्या चौकटीला भिडलेले. म्हणून इंजिन उतरवायचे, पुढचे टायमिंग कव्हर काढायचे, चेन काढायची, कॅमशाफ्ट धरणारे भाग काढायचे, मग स्प्रिंग. आणि परत जोडताना यातले कित्येक जोड रबरी गॅस्केटने बंद होत नाहीत. तिथे ट्यूबमधून सिलिकॉनची रेघ ओढावी लागते. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडले गेले नाही, पृष्ठभाग तेलकट राहिला किंवा रेघ जाड पडली, तर जास्तीचे सिलिकॉन आत दबते, सुकते आणि तुकडे होऊन तेलात पडते. ते तुकडे ऑइल पॅनमधल्या जाळीशी जमतात. फालुद्याच्या स्ट्रॉला सब्जा अडकला की होते तेच इथे तेलाचे होते. पंप ओढतो, पण वर पुरेसे येत नाही. मग कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जाते आणि त्याच्या मागे इंजिन. या रिकॉलनंतर इंजिन गेल्याच्या ज्या तक्रारी झाल्या, त्यांत हे कारण वारंवार पुढे आले.

'मग रिकॉल करूच नये का?' हा प्रश्न दर वेळी येतो. माझे उत्तर : करावा. फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडणे हा गंमतीचा विषय नाही, आणि रिकॉल बाकी असलेली गाडी पुढे विकतानाही अडते. फक्त ज्याला काम येते त्याच्याकडून करावा.

## ३. गाडी देण्याआधीचा आठवडा

कागद. तेल बदलल्याच्या पावत्या एकत्र करा. पुढे वाद झाला तर पहिला प्रश्न देखभालीचा निघतो. स्वतः तेल बदलत असाल तर तेल आणि फिल्टर घेतल्याच्या पावत्या, तारीख आणि मैल लिहिलेली वही, एवढेही पुरते.

आवाज. इंजिन थंड असताना सुरू करतानाचा आणि गरम झाल्यावर आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू), असे दोन व्हिडिओ बॉनेट उघडून घ्या. तिसरा गाडीत बसून, डॅशबोर्ड दिसेल असा : किल्ली फिरवल्यापासून सगळे दिवे विझेपर्यंत. हे इंजिन मुळातच टकटक करते, इंजेक्टरचाही आवाज असतो. आधीचा आवाज टिपलेला नसेल तर नंतर 'हे तर पहिल्यापासूनच होते' या वाक्यापुढे बोलता येत नाही.

तेल. सपाट जागी, इंजिन थंड असताना पातळी बघा, डिपस्टिकचा फोटो घ्या. इंजिनाखाली आणि टायमिंग कव्हरच्या कडेला आधीच गळती असेल तर तिचाही.

कोड. गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारा ओबीडी रीडर वीस-तीस डॉलरला मिळतो. साठलेले कोड वाचा, फोटो घ्या, पुसू नका. चेक इंजिनचा दिवा आधीच लागत असेल आणि गाडी थरथरत असेल तर स्प्रिंग तुटायला लागली असण्याची शक्यता आहे. मग गाडी चालवत नेऊ नका. टो करून नेण्याचा खर्च कोण देणार हे आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा.

बाहेरचे सामान. या गाड्यांचे मालक गाडीला हात न लावता ठेवतील तर शपथ. हेडर (इंजिनाला जोडलेले एक्झॉस्टचे नळे) बदललेला असतो, ऑइल कूलर असतो, कधी टर्बो किंवा सुपरचार्जर, आणि त्याबरोबर ईसीयूचा ट्यून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात केलेले बदल. रिकॉलचा हक्क स्प्रिंगपुरता आहे. वर जोडलेले सामान काढण्या-बसवण्याचे तास डीलर तुमच्याकडे मागू शकतो किंवा 'काढून आणा' म्हणू शकतो. हे आधी सांगा, लपवू नका. गाडी लिफ्टवर गेल्यावर ते सापडले की काम तिथेच थांबते. ट्यूनची फाइल स्वतःजवळ ठेवा, कारण डीलरने ईसीयूचे सॉफ्टवेअर अपडेट केले तर तो पुसला जातो.

तपासा : गाडीत डॅशकॅम असेल तर चालू ठेवायचा की नाही ते डीलरला विचारून ठरवा. डीलरच्या वर्कशॉपमध्ये गुपचूप आवाज टिपणे काही राज्यांत तुमच्याच अंगलट येऊ शकते.

## ४. काउंटरवर

सही करण्याआधी रिपेअर ऑर्डर, म्हणजे डीलरने लिहिलेला कामाचा कागद, पूर्ण वाचा. तिच्यावर रिकॉल हाच मथळा हवा, मालकाने भरायची रक्कम शून्य हवी, आजचे मैल हवेत. 'ग्राहकाची तक्रार : इंजिनात आवाज' असे लिहिले असेल तर खोडायला लावा. तसे लिहिले की ती साधी दुरुस्ती होते आणि तपासणीचे पैसे लागतात.

पैशांवरून तीन प्रकारे अडवतात. पहिला : 'रिकॉलची मुदत संपली.' कायदा असा आहे की गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांच्या आत रिकॉल कळवला गेला असेल तर दुरुस्ती फुकट द्यावी लागते. मोजायचे ते सूचनेपर्यंत, तुम्ही दारात उभे राहता त्या दिवसापर्यंत नाही. २०१२-१३ मध्ये विकलेली गाडी आणि २०१८ चा रिकॉल, हिशेब उघड आहे. दुसरा : 'किरकोळ साहित्याचे शुल्क.' रिकॉलच्या कामाला लागणारे तेल, कूलंट, सिलिकॉन, गॅस्केट हे सगळे कामातच धरलेले असते. तिसरा जरा खरा आहे : बर्फाळ राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने एक्झॉस्टचे बोल्ट गंजून तुटतात. त्याचे पैसे मागितले तर लगेच होकार देऊ नका. अंदाज लेखी घ्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेशी बोलून मग ठरवा.

एका गोष्टीवर मात्र स्वतःहून पैसे खर्च करावेत. या गाडीत स्पार्क प्लग बदलणे हा हात सोलून घेण्याचा उद्योग आहे. इंजिन बाहेर असताना ते काम किरकोळ होते. गाडी मॅन्युअल असेल आणि क्लच संपत आला असेल तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही याच वेळी. सुट्या भागांचे पैसे द्या, मजुरी कमी लावा म्हणून बोला. इथे घासाघीस चालते.

पर्यायी गाडी देणे कायद्याने बंधनकारक नाही, पण मागा. काम कित्येक दिवसांचे असल्यामुळे बरेचदा मिळते.

सावधान : ऑर्डरवर दोन ओळी लिहून घ्या. 'जुन्या स्प्रिंग ग्राहकाला दाखवाव्यात' आणि 'ऑइल पॅन काढून जाळी साफ असल्याची खात्री करावी'. दुसरी ओळ रिकॉलच्या ठरलेल्या कामात असेलच असे नाही, डीलर नकार देऊ शकतो. नकार दिला तर तोही लेखी मागा. पुढे वाद झालाच, तर तुम्ही विचारले होते एवढे तरी कागदावर राहते.

## ५. गाडी त्यांच्याकडे असताना

घाई करू नका. सिलिकॉन सुकायला वेळ लागतो, त्यानंतरच तेल आणि कूलंट भरायचे असते. शुक्रवारी संध्याकाळी 'तुमच्यासाठी लवकर उरकतो' असे कोणी म्हणाले तर सोमवारी चालेल म्हणून सांगा.

## ६. गाडी ताब्यात घेताना

दिवसाउजेडी जा, आणि इंजिन थंड ठेवायला सांगून जा. गरम करून दारात लावलेल्या गाडीत थंड सुरुवातीचा आवाज ऐकायला मिळत नाही.

आधी कागद बघा. पूर्ण झालेल्या ऑर्डरवर रिकॉल, बदललेल्या भागांची यादी, टेक्निशियनचा क्रमांक आणि आत-बाहेरचे (गाडी येतानाचे आणि जातानाचे) मैल असावेत. स्प्रिंग १६ असायला हव्यात. बाहेरच्या मैलांत एखाददुसरा मैलही वाढलेला नसेल तर काम झाल्यावर गाडी चालवून पाहिलेलीच नाही. तशी गाडी घेऊ नका, टेक्निशियनबरोबर एक चक्कर मारा.

मग बॉनेट उघडा. तेलाची पातळी, कूलंटची पातळी, सुटे लोंबणारे कनेक्टर, न बसवलेल्या क्लिपा. खाली वाकून टायमिंग कव्हरच्या शिवणीवर टॉर्च मारा. तेलाचा ओलसर पट्टा किंवा बाहेर फुगून आलेला सिलिकॉनचा जाड गोळा दिसला तर फोटो घ्या. बाहेर जितके आले तितकेच आत दबले असेल असा नियम नाही, पण ज्या हाताने बाहेर सढळ लावले तो आत कंजूष असेल असे मला वाटत नाही.

गाडी सुरू करा, आपल्या जुन्या व्हिडिओशी आवाज ताडून बघा. पंधरा मिनिटे आयडलवर ठेवून हीटर पूर्ण गरमवर लावा. मधेच गार हवा यायला लागली तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे, ती काढून घेतल्याशिवाय निघू नका. मॅन्युअल असेल तर क्लचचा पेडल पूर्वीसारखाच धरतो का बघा. शेवटी ओबीडी रीडर लावा. पी००१६ ते पी००१९ यांपैकी कोड आला तर क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बिघडला आहे. पी०३०० च्या मालिकेतला कोड म्हणजे मिसफायर. दोन्हींत गाडी तिथेच ठेवायची.

## ७. पहिले हजार मैल

रिकॉल आधीच झालेली गाडी ज्यांनी विकत घेतली, त्यांनीही इथून सुरुवात करावी.

सुरुवातीला इंजिन पूर्ण तापेपर्यंत वरच्या आरपीएमला नेऊ नका. तेलाची पातळी दर वेळी पेट्रोल भरताना बघा. तेलाच्या दाबाच्या दिव्यावर विसंबू नका. तो दाब फार खाली गेल्यावरच लागतो, आणि मूळ गाडीत दाब दाखवणारा काटा नाही. तो दिवा चालू गाडीत लागलाच तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो बोलवा. 'घर दोन मैलांवर आहे' म्हणून ओढलेल्या त्या दोन मैलांत बेअरिंग जाते.

पाचशे-हजार मैलांवर तेल आणि फिल्टर बदला, वेळ झालेली नसली तरी. तेल ०डब्ल्यू-२०, फिल्टरसह साधारण ५.४ लिटर. या इंजिनाचा फिल्टर वरच्या बाजूला आहे, काढायला सोपा. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा. रबरासारखे करडे-काळे लवचीक तुकडे म्हणजे सिलिकॉन. चमकणारे कण म्हणजे धातू, आणि तो जास्त वाईट. दोन्हींचे फोटो घ्या, फिल्टर पिशवीत जपून ठेवा.

इथे एक चूक जाणकारही करतात : फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. तेल पॅनमधून आधी जाळीतून ओढले जाते, मग पंप, मग फिल्टर. मोठे तुकडे जाळीतच अडकतात, ते फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून फिल्टरमध्ये सिलिकॉन दिसले तर जाळी बघायलाच हवी, आणि दिसले नाही तरी ती साफ असल्याची खात्री मिळत नाही. ट्रॅकवर गाडी नेणार असाल किंवा आधीच्या कामाचे कागद मिळत नसतील, तर खालचा ऑइल पॅन काढून जाळी बघून घ्या. त्यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही. स्वतंत्र गॅरेजवाला करतो, पण पॅन परत बसवतानाही सिलिकॉनच लागते. त्यालाही रेघ बारीक ओढायला सांगा.

तपासा : गरम इंजिनावर मध्यम आरपीएमला, हलका थ्रॉटल दिला की खालून लयीत ठोकल्यासारखा आवाज येतो का? इंजेक्टरची टिकटिक वरून येते आणि पातळ असते. रॉडची ठोक जड असते, आरपीएमबरोबर चढते. शंका आली की गाडी थांबवा आणि टो करून डीलरकडे न्या, चालवत नेऊ नका.

## ८. काम बिघडले तर

इंजिन खोलू द्यायच्या आधी नवी रिपेअर ऑर्डर उघडायला सांगा आणि तिच्यात आधीच्या रिकॉलच्या कामाची तारीख लिहून घ्या. ऑइल पॅन तुमच्यासमोर काढला जावा, निदान फोटो तरी मिळावेत. पॅन पुसला गेला की पुरावाही गेला.

त्याच दिवशी टोयोटा किंवा सुबारूच्या ग्राहक सेवेला फोन करून केस क्रमांक घ्या. डीलर हा स्वतंत्र धंदा असतो, रिकॉलची जबाबदारी मात्र कंपनीची आहे. डीलरशी बोलणी चालू आहेत म्हणून कंपनीला कळवायचे राहून गेले, असे बऱ्याच जणांचे होते. आणि इथून पुढे फोनवर जे ठरेल ते संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवा.

एनएचटीएसएकडे तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. तुमचे भांडण ते सोडवत नाहीत, पण अशा नोंदींवरूनच दुरुस्तीतला दोष त्यांच्या नजरेत येतो. गाडी दुरुस्तीला सादर केल्यापासून ६० दिवसांत ती नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही असे कायदा प्रथमदर्शनी धरतो. गाडी सादर केल्याची तारीख म्हणजे पहिल्या रिपेअर ऑर्डरवरची तारीख, म्हणून ती प्रत कितीही जुनी झाली तरी टाकू नका.

रिकॉल जाहीर होण्याआधीच स्प्रिंग तुटून आधीच्या एखाद्या मालकाने स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली असेल, तर अशा खर्चाच्या परताव्याची तरतूद आहे. तिला अर्जाची मुदत असते, त्यामुळे जुन्या पावत्या सापडल्या तर आधी कंपनीला मुदतीबद्दल विचारा. परतावा मिळतो तो ज्याने पैसे भरले त्याला.

गाडी विकताना रिकॉलची ऑर्डर, तेल बदलल्याच्या पावत्या आणि कापलेल्या फिल्टरचे फोटो एकाच लिफाफ्यात घालून नव्या मालकाला द्या. जाळी बघून घेतली असेल तर तिची पावती सर्वांत वर ठेवा. ही गाडी घेणारा आता तोच प्रश्न आधी विचारतो.